हालु, हल्लु आणि येळवस

आज सकाळी कोहिनूर गावच्या नागव्वाचा थोरला मुलगा ओट्यावर हुरड्याच्या कणसांची पेंढी टाकून गेला. गाडीत बसता बसता म्हणाला, "परवा येळवस हाय, काका. दात पुजायला या म्हणलीय आई. आन बाबा न्हाईत औंदा, तवा हाळी तुमीच द्यायची म्हणलीय." शेजारच्या नव्या भाडेकरूंनी हे ऐकलं आणि माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं. दात पुजायला? आता त्यांना कुठून सुरुवात करून सांगायचं? मी नुसताच हसलो. तेही नीट जमलं नाही, कारण माझे स्वतःचे दात त्या वेळी खिडकीतल्या वाटीत, पाण्यात होते.

दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असं म्हणतात. माझ्याकडे या वयात कणसंही आहेत आणि दातही आहेत, फक्त दोघांची गाठ पडायची आहे. पेंढी मी नाकाशी धरली. हिरव्या जोंधळ्याला गोडसर, ओलसर वास असतो, आणि त्या वासाबरोबर ते एक वर्ष दरसाल माझ्या घरात शिरतं. चाळीसहून जास्त येळवशी झाल्या असतील. तरी ते वर्ष शिळं होत नाही.

पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना येळवस समजावून सांगावी लागते. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडचं अख्खं गाव रानात जातं. कडब्याच्या पेंढ्यांची खोप करायची, तिच्यात पाच दगड चुन्याने रंगवून मांडायचे. ते पांडव. त्यांना पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि ताकातल्या आंबिलाचा नैवेद्य दाखवायचा. मग घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाने आंबिलाचं मडकं घेऊन रानाला फेरी घालायची, पिकावर आंबिल शिंपडायचं आणि हाळी द्यायची, "ओलगे ओलगे, सालम पोलगे." या शब्दांचा अर्थ मी एका कानडी शास्त्रीबुवांना विचारला, मराठी मास्तरांना विचारला, एका मौलवीसाहेबांनाही विचारला. प्रत्येकाने तो दुसऱ्याच्या भाषेतला आहे असं सांगितलं. पण हाळी अर्धी सोडायची नाही आणि फेरी मोडायची नाही, हे तिघांनाही माहीत होतं.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. मी चोवीस वर्षांचा होतो आणि स्वतःबद्दल माझं मत फार चांगलं होतं. मूळचा मी उदगीरकडचा. हैदराबादला एका उस्तादांच्या हाताखाली सात वर्षं दातांचं काम शिकलो आणि कल्याणला, म्हणजे आताच्या बसवकल्याणला, बाजारपेठेत एक खोली घेतली. पूर्वी तिथे कापसाचा अडत्या बसायचा. कितीही झाडलं तरी कुठून तरी कापसाचा एक तंतू उडत यायचा आणि चिमट्यावर बसायचा. पण खोली माझी होती, दारावरचं कुलूप माझं होतं. सकाळी उघडण्याआधी मी ते रुमालाने पुसायचो. कुलूप कुणी रोज पुसतं का? मी पुसायचो, आणि मला त्याची लाज वाटत नसे.

निघताना उस्तादांनी मला आशीर्वाद वगैरे काही दिला नव्हता. चष्मा पुसत म्हणाले, "मूँ के अंदर जाना है तो चपलां बाहर छोड़ के जाना, मियाँ." मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. मग म्हणाले की संक्रांतीपर्यंत तुझं स्टूल मी रिकामं ठेवतो. तिथे जमलं नाही तर ये. पण संक्रांतीनंतर त्यावर दुसरा बसेल. त्यांच्या खोलीतल्या त्या लाकडी स्टुलावर मी सात वर्षं बसलो होतो. ते रिकामं वाट पाहतंय, ही गोष्ट धीर देणारी होती आणि अपमानाचीही.

माझी खुर्ची आली तो दिवस मी विसरणं शक्य नाही. सिकंदराबादच्या एका निवृत्त साहेबाची ती जुनी खुर्ची. बिडाची, पितळी पट्ट्यांची, तपकिरी चामड्याची. पायाने दांडा दाबला की वर चढणारी, मूठ सोडवली की गर्रकन फिरणारी. बिदरपर्यंत ती रेल्वेने आली, हुमनाबादपर्यंत मोटारीतून, आणि पुढे बैलगाडीतून. गाडीवानाने तिच्यावर स्वतःची गोधडी घातली होती. वाटेत एका गावात ती गोधडी वाऱ्याने उडाली आणि पारावरचा एक वृद्ध गृहस्थ उठून उभा राहिला. त्याने खुर्चीला वाकून सलाम केला. कुणा नबाबाचं तख्त चाललंय असं त्याला वाटलं असावं. मी गाडीपुढे चालत होतो. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं.

कल्याणात खुर्ची उतरवताना निम्मा बाजार जमला. मी दांडा दाबला, खुर्ची हळूहळू वर चढली. मग मागून एका बाईचा आवाज आला, "आभाळातच नेती का काय ही?" दुसऱ्या दिवसापासून लोक दर्शनाला येऊ लागले. यायचे, चप्पल बाहेर काढायचे, खुर्चीला हात लावून तो कपाळाला लावायचे आणि जायचे. कुणी तरी तिच्या पायाशी नारळ फोडला. बसत मात्र कोणी नव्हतं. ज्याचा गाल पावासारखा सुजला होता असा एक तेली मला म्हणाला, "येवढ्या मोठ्या खुर्चीत आमी कसं बसावं, साहेब? तुमचं काम झाल्यावर बाहेर ओट्यावर बघा की." ओट्यावर मी बघणार नव्हतो. मी ताठ होतो. तेली गेला आणि आठवड्याच्या बाजारात चादर पसरून बसणाऱ्या, उपटलेल्या दातांची माळ गळ्यात घालणाऱ्या माणसाकडून दाढ काढून आला. तिथे रांग होती.

दसरा गेला, दिवाळी गेली. सकाळी मी खुर्चीचं पितळ पुसायचो, दुपारी हत्यारं उकळायचो, संध्याकाळी न वापरलेली हत्यारं पुन्हा ठेवून द्यायचो. त्या मोठ्या, सुंदर, रिकाम्या खुर्चीसमोर बसून मला भीती वाटू लागली. संक्रांतीनंतर स्टूल जाणार होतं. मग मी ना तिथला, ना इथला.

या सगळ्यात मी एक शहाणपणा केला होता. दारावरची पाटी तीन लिप्यांत असावी, असा माझा हट्ट होता. उर्दूत 'दंदानसाज', मराठीत 'दातांचा दवाखाना', आणि कानडीत 'हल्लिन डॉक्टर'. हल्लु म्हणजे दात. माझी कानडी बाजारात भाव करण्यापुरती होती आणि अक्षरं मी स्वतःच गिरवून शिकलो होतो. माझी बायको सुभद्रा आळंदची. तिला कानडी आईच्या दुधाबरोबर मिळालेली. पण ती त्या वेळी माहेरी होती, आणि बायकोला विचारायला थांबेल तो चोवीस वर्षांचा डॉक्टर कसला! मी कागदावर अक्षरं काढून दिली. रंगाऱ्याला कानडी येत नव्हतं. त्याने ती इमानाने उतरवली.

कार्तिक संपला असेल. दुपारी दारात घंटा वाजली. पाहतो तर एक काळीभोर म्हैस उंबऱ्यावर तोंड ठेवून आत बघत होती. तिच्या दाव्याला धरून तिशीची एक बाई उभी होती.

"हालिन डॉक्टर तुमीच का?"

मला वाटलं, बोलण्याची ढब वेगळी असेल. मी रुबाबात म्हणालो, "व्हय. मीच."

"मग बघा की जरा. वीस दिस झाले, पान्हाच सोडंना गेलीय."

"कोण?"

"ही. आनि कोण?"

मी म्हणालो, "अक्का, मी दातांचा डॉक्टर हाय. म्हशीचं मला कळत न्हाई."

ती चिडली. "आन मग पाटीवर कामून दूध लिवलास? कोहिनूरहून चालत आले मी सकाळधरनं. आमच्या मठातल्या अय्यांनी दोनदा वाचून सांगितलं मला. कल्याणात नवा डॉक्टर आलाय, दुधाचा."

मी बाहेर येऊन वर पाहिलं. 'हल्लिन'मधलं खालचं जोडाक्षर मी खाल्लं होतं आणि वर एक काना जास्तीचा दिला होता. हल्लु म्हणजे दात, हालु म्हणजे दूध. दोन महिने माझ्या दारावर कानडीत 'दुधाचा डॉक्टर' असं लिहिलेलं होतं, आणि खाली मी दातांची वाट बघत बसलो होतो. माझा चेहरा पाहून ती बाई हसायला लागली. हसता हसता तिचा हात एकदम उजव्या गालावर गेला आणि हसू तिथेच थांबलं. हाताचं हे असं जाणं मी ओळखत होतो.

"कधीपासून दुखायलंय?"

"कुणाला येळ हाय मोजायला? चार म्हैने झाले असतील."

"बसा."

तिने खुर्चीकडे पाहिलं. "ह्यात? ह्यात राजा बसत असंल."

"राजाचे दात दुखंनात सध्या. तुमी बसा."

"आन म्हैस?"

मी मूठ सोडवली आणि खुर्ची फिरवून तिचं तोंड दाराकडे केलं. समोर दाराच्या कडीला म्हैस बांधलेली. आता बाईला म्हैस दिसत होती आणि म्हशीला बाई. माझ्या पहिल्या रुग्णाने अशी बैठक घेतली. तिचं नाव नागव्वा.

तिने तोंड उघडलं आणि मी आरशाने उन्हाची एक तिरीप आत सोडली. उस्तादांकडे मी शेकडो तोंडं पाहिली होती, पण ती त्यांची माणसं होती. ही बाई माझ्या भरवशावर डोळे मिटून बसली होती. ज्याला तिने पाच मिनिटांपूर्वी खोटारडा म्हटलं असतं त्याच्यापुढे तिने तोंड उघडलं होतं. त्या उजेडात मला जोंधळ्याच्या भाकरीने झिजलेले दातांचे माथे दिसले, जात्यातल्या दगडाच्या कचेने उमटलेल्या बारीक रेघा दिसल्या, कडुनिंबाच्या काडीने एका बाजूला पडलेली खाच दिसली. या बाईचं सगळं जगणं तिथे होतं, ती एकही शब्द बोलत नसताना. चपला बाहेर सोड म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मी खरोखरच पायातले बूट काढून दाराबाहेर ठेवले आणि मग भुलीची सुई भरली.

"काढ की आता," थोड्या वेळाने ती म्हणाली.

"काढली. ही बघा."

दाढ तळहातावर घेऊन तिने उलटसुलट पाहिली. "येवढुशानं मला चार म्हैने नाचवलं व्हय!" तिने ती पदराच्या टोकाला बांधली, रानात पुरायची म्हणाली. पुढे आयुष्यभर मी हजारो दाढा काढल्या. तितकी हलकी दुसरी कोणतीच निघाली नाही.

जाताना तिची नजर फळीवरच्या चिनीमातीच्या दातांवर गेली. मेणाच्या पट्टीवर ते ओळीने टोचलेले होते. ज्यांना दात नाहीत त्यांना हे बसवतात, असं मी सांगितलं. ती पुन्हा बसली. खुर्चीत नव्हे, उंबऱ्यावर, म्हशीजवळ. मग तिने तिच्या सासऱ्यांची गोष्ट सांगितली.

मल्लप्पा त्यांचं नाव, पण सारं गाव त्यांना अप्पा म्हणे. गेल्या येळवशीला अप्पांच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. मडकं घेऊन फेरीला निघाले, आणि हाळी देताना 'सालम'चं 'हालम' झालं. दातांशिवाय 'स' निघत नाही. नुसता वारा निघतो. पोरं खुदखुदली. कुणाचा वाईट हेतू नव्हता, पण पोरंच ती. अप्पांनी रानाच्या कोपऱ्यातल्या बाभळीखाली मडकं ठेवलं आणि अर्ध्या फेरीतून परत आले. असं त्या रानात कधी घडलं नव्हतं. तेव्हापासून ते फारसं बोलत नव्हते. औंदाची हाळी दुसऱ्या कुणी तरी द्यावी म्हणत होते.

"हाळी गेली म्हंजे मी गेलो, आसं म्हणत्यात," नागव्वा म्हणाली. "येळवशीपातूर दात व्हतील का, अण्णा?"

"होतील," मी म्हणालो. दिवस नंतर मोजले. सव्वीस होते. आणि मग आठवलं की दोन्ही जबड्यांची पूर्ण कवळी मी एकट्याने कधीच केली नव्हती. शेवटचा हात नेहमी उस्तादांचा असायचा. कोहिनूरचं रान म्हणजे चार गावांच्या हाळ्या जिथे एकमेकींना भेटतात अशी जागा. तिथे अप्पांचा 'स' निघाला असता तर माझ्या खुर्चीत लोक बसले असते. निघाला नसता तर स्टूल. मला माझी पडली होती, हे मी लपवत नाही. पण त्या बाभळीखालचं मडकंही डोळ्यांपुढून जात नव्हतं.

अप्पा गाडीतून आले ते तोंडावर उपरणं धरून. सहा फूट उंच माणूस, खुर्चीत बसताना लहान मुलासारखा संकोचला. मी ओलं प्लास्टर त्यांच्या टाळूला लावलं, घट्ट झाल्यावर तुकड्यातुकड्यांनी काढलं आणि ते तुकडे जुळवून ठसा उभा केला. त्यांच्या हिरड्या बोटांना कडक लागल्या. त्या माणसाने वर्षभर हिरड्यांनी भाकरी खाल्ली होती. काम झाल्यावर ते म्हणाले, "तान्ह्या लेकराच्या तोंडात आसंच आसतंय, न्हाई का? फिरून तितंच आलो बघ मी."

त्याच आठवड्यात सुभद्रा माहेरून आली. टांग्यातून उतरली, पाटीकडे पाहिलं आणि ओट्यावर बसून पदर तोंडाला लावून हसत राहिली. "अहो, एक पत्र टाकायचं होतंत की मला," एवढंच म्हणाली. मी रंगाऱ्याला बोलावणं धाडलं. तो येळवस झाल्यावर येतो म्हणाला.

ते दिवस आठवले की मला दोन वास एकदम येतात. एक, कवळीचं रबर शिजतानाचा जळका, गंधकाचा वास. घट्ट झाकणाच्या तांब्याच्या भांड्यात, स्टोव्हवर ते तासन्‌तास शिजायचं आणि शेजारचा किराणेवाला रोज विचारायचा की काय जळतंय. आणि दुसरा, सुभद्राने कोपऱ्यात लावून ठेवलेल्या आंबिलाचा आंबूस वास. बाहेर थंडी पडली होती, हरभरा फुलला होता. गावाबाहेर गेलं की हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबट आंबेने पायाची कातडी चुरचुरायची. एवढ्याशा भांड्यात मी एका माणसाचा आवाज शिजवत होतो, आणि तो कच्चा राहील की करपेल, हे झाकण उघडेपर्यंत कळणार नव्हतं. झाकण उघडलं. रबर गडद तांबडं, कठीण, नितळ झालं होतं. त्यावर अठ्ठावीस शुभ्र दात. मी ते हातात धरून बराच वेळ उभा राहिलो. हे मी केलं होतं, यावर माझा विश्वास बसेना.

येळवशीच्या दोन दिवस आधी अप्पा आणि नागव्वा आले. दात छान बसले. गाल भरले, हनुवटी खाली आली, नागव्वा डोळ्याला पदर लावून बघत राहिली. मी म्हणालो, "आता म्हणा, अप्पा."

"ओलगे ओलगे," ते म्हणाले. आवाज भरदार. मग, "स्स्सालम."

'स'बरोबर शीळ वाजली. चांगली लांब, गुराख्याने मारावी तशी. पुन्हा म्हणाले, पुन्हा वाजली. अप्पांनी दात काढले, उपरण्यात नीट गुंडाळले आणि फार सभ्यपणे म्हणाले, "चांगले झाल्यात बाबा. खायाला व्हतील." त्या एका वाक्याने मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आतल्या दारात उभी असलेली सुभद्रा पुढे आली. "अप्पा, अजून एकदा म्हणून दाखवा हो," ती कानडीत म्हणाली. त्यांनी म्हटलं. तिने स्वतः तीन-चारदा 'स' म्हणून पाहिला, मग माझ्याकडे वळली. "स म्हणताना जिभेवरून वारा मधून जायला पाहिजे. तुमच्या दातांमागं भिंत आहे. वाऱ्यानं जायचं कुठून?"

बरोबर होतं. पुढच्या दातांमागचं रबर मी जाड ठेवलं होतं, भीतीपोटी, मजबुतीसाठी. आता ते कानशीने पातळ करायचं. पण किती? जास्त घासलं तर चीर जाणार, आणि दुसरे दात हैदराबादहून मागवायला आठवडा. मी अप्पांना म्हणालो, "दात माझ्याकडं ठेवा. मी येळवशीला रानात घेऊन येतो."

अप्पांनी उपरण्याची गाठ हातात घट्ट धरली. "न बघताच घालू व्हय तोंडात? समद्या रानासमोर?"

"व्हय," मी म्हणालो. त्यांनी उपरण्याची गाठ सोडली.

दुसरा अख्खा दिवस मी खिडकीत बसून घासत होतो. थोडं घासायचं, उजेडासमोर धरायचं. रबर इतकं पातळ झालं की आरपार तांबूस प्रकाश दिसू लागला. तिथे मी थांबलो. थांबायचं कुठे हे उस्तादांनी कधी शिकवलं नव्हतं. ते शिकवता येत नाही. सुभद्राने खडूच्या भुकटीने दात चकचकीत केले आणि एका वाटीत, ओल्या फडक्यात ठेवले. त्या वाटीकडे आम्ही दोघं देव्हाऱ्याकडे बघावं तसं बघत होतो.

येळवशीला कोहिनूरच्या रानात पोचलो तेव्हा खोप तयार होती, पाच पांढरे दगड ओळीने मांडलेले होते. मी वाटी पुढे केली. अप्पांनी दात उचलले, पण तोंडात घातले नाहीत. वाकले आणि सहावा दगड असावा तसे ते पांडवांच्या ओळीत ठेवले. बोटाने चुन्याचा ठिपका लावला, कुंकू लावलं, उंड्याचा नैवेद्य दाखवला. "नवी जिन्नस हाय," ते म्हणाले. "आधी रानाला दावायची, मग आपल्याला." माझं लक्ष त्या चुन्याकडे, पॉलिश जाईल म्हणून जीव खालीवर होत होता. पण शेजारी नागव्वा हात जोडून उभी होती, सुभद्रा उभी होती, पोरंसुद्धा गप्प होती. मीही हात जोडले. माझ्या हातून झालेल्या वस्तूला मी नमस्कार करत होतो, आणि ती माझी वाटत नव्हती.

मग अप्पांनी दात धुतले, घातले आणि मडकं उचललं. लोकांना वाटलं, खोपेपासून निघतील. ते सरळ चालत त्या कोपऱ्यातल्या बाभळीपाशी गेले. गेल्या वर्षी जिथे मडकं टेकवलं होतं, तिथूनच त्यांनी फेरी धरली. पळसाच्या पानाने आंबिल शिंपडलं आणि मान वर केली.

"ओलगे ओलगे..."

यात 'स' नाही.

"सालम पोलगे!"

स्वच्छ. कोरड्या पानावरून वारा जावा तसा स्वच्छ 'स'. शीळ नाही, काही नाही. पलीकडच्या शिवारातून कुणी तरी त्याला हाळी दिली, त्याच्या पलीकडून आणखी कुणी. अप्पांनी गेल्या वर्षीची अर्धी फेरी पुरी केली आणि न थांबता यंदाची पूर्ण घातली. मी जोंधळ्याच्या कडेला बसलो. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं. माणसाच्या तोंडात वाटाण्याएवढी जागा कमी-जास्त झाली तर एक वर्ष हरवतं आणि पुन्हा मिळतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आजही ते मला पुरतं समजलेलं नाही.

नंतर हुरडा भाजला. अप्पा सावकाश, आवाज करत चावत होते, आणि मध्येच थांबून स्वतःच्या चावण्याचा आवाज ऐकत होते. सुभद्रा म्हणाली, आता रंगारी येईल, पाटी दुरुस्त करून घेऊ.

"कामून?" अप्पा म्हणाले. "ऱ्हाऊ दे की. लेकराला आधी हालु मिळतंय, मग हल्लु येत्यात. मला दुसऱ्या बारीनं आले. दोन्ही बार आईच लागती, या बारीला ह्यो डॉक्टर मिळाला. दुधाचा म्हणलं तरी खोटं न्हाई."

पाटी राहिली. संक्रांतीच्या आत तो सुजलेल्या गालाचा तेलीसुद्धा दुसरी दुखरी दाढ घेऊन आला आणि खुर्चीत बसला. खुर्ची दाराकडे फिरवून ठेवायची पद्धत मात्र पडली ती पडलीच. लोकांना आपापली गाडी, बैल, म्हैस दिसायला हवी असायची. आजूबाजूच्या गावांत मला 'हालु डॉक्टर' म्हणू लागले. मी उस्तादांना लिहिलं की स्टूल दुसऱ्याला द्या. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं, "चपलां बाहर छोड़े थे ना?"

अप्पा पुढे बरीच वर्षं हाळी देत राहिले. ते गेल्यावर नागव्वाने ते दात मातीत जाऊ दिले नाहीत. दर येळवशीला पाच दगडांच्या ओळीत ते सहावे मांडले जातात, चुना लागतो, कुंकू लागतं. रबर आता काळं पडलंय. पुढच्या दातांमागे उजेड धरला तर अजून तांबूस दिसतं. अप्पांनंतर हाळी नागव्वाच्या नवऱ्याची होती. औंदा तोही नाही, आणि तिने ती माझ्यावर टाकली आहे. मी त्यांच्या घरचा नाही, जातीचा नाही, शेतकरीही नाही. कोणत्या नात्याने, असं मुलाला विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण उत्तर अप्पांनी तेव्हाच देऊन ठेवलं होतं.

सुभद्रा असती तर आज तिने ऐकून सांगितलं असतं. मघाशी मी खिडकीतल्या वाटीतले दात घालून, दार लावून एकदा म्हणून पाहिलं. एका तरुण डॉक्टरने बनवलेले फार चांगले दात आहेत, हलके, गुलाबी. पण 'सालम'ला शीळ वाजते. जुनी कानस शोधून काढली आहे आणि उजेडात बसलो आहे. हात थरथरतात, तेव्हा फार घासणार नाही. परवा ते आधी अप्पांच्या दातांना लागून ओळीत ठेवीन, रानाला दाखवीन, मग तोंडात घालीन. शीळ वाजली तर पोरं हसतील. हसोत. मडकं मात्र मी बाभळीखाली ठेवणार नाही. फेरी पुरी करूनच परत येईन.